हिंगाचा गोळा

रेगेन्सबर्ग, शनिवार संध्याकाळ, ऑगस्ट २००७

आज पुन्हा समीरच पहिला. त्याला गळ टाकायला शिकवलं मी. क्लबच्या या तीन दिवसांच्या मासेमारी स्पर्धेत त्याचं नाव घातलं, तेही मीच. आणि आता त्याचे मासे वजनकाट्यावर चढले की सगळे जर्मन टाळ्या वाजवतात. माझे चढले की नुसतं जर्मनमध्ये "या, या, गूट", म्हणजे हो हो, छान.

बरं, पकडतो कशावर? हिंग घालून मळलेल्या कणकेवर! तीही माझ्याच आईने मळलेली. सांगलीहून आल्यापासून ती माझ्या मागे लागली होती, "तुझे आजोबा कृष्णेवर हेच लावायचे गळाला, घेऊन जा." मी म्हटलं, हिंगाचा वास मारेल, लोक हसतील. दुकानातलं महागडं आमिष घेऊन गेलो. समीरने मात्र गोळा डब्यात घातला, वर "काकू, तुमच्या हाताला चव आहे" म्हणाला. चव! माशांनी सांगितली का याला?

माझा राग नक्की माशांवर आहे का? आज जेवताना आईने त्याला आग्रह करकरून वरण वाढलं. माझी वाटी रिकामीच होती.

मघाशी आई विचारत होती, "उद्या शेवटचा दिवस ना रे? तुझ्यासाठीपण मळू का?" ताठ्यात नको म्हणालो.

आता स्वयंपाकघरात डब्यांची आदळआपट चालली आहे. तिला हिंगाची डबी सापडत नाहीये.

सापडेल कशी? माझ्या बॅगेत आहे.