राखीव रक्त

३ मार्च
गुहागरहून सामानसुमानासकट रत्नागिरीत दाखल! दीपकदादाचा फ्लॅट ऐसपैस, खिडकीतून खाडी दिसते. पद्मजावहिनीने सोलकढी पुढे करत बजावलं, "अगो वैदेही, महिनाभर तू पाहुणी नाहीस, पेशंट आहेस." गर्भाशय काढायचंय. माझा रक्तगट बॉम्बे, हजारोंत एखाद्याचा. दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. म्हणून माझंच आधी काढून माझ्यासाठी राखून ठेवणार. पावसाळ्याची बेगमीच म्हणायची!

उशाशी वेदचा फोटो ठेवलाय. माझा लेक सातव्या वर्षी तापाने गेला. त्याचे वडीलही गेले. त्याच्या बारीकसारीक गोष्टी आठवणारी आता मी एकटीच.

६ मार्च
पहिली पिशवी दिली. दुखलं नाही. दुपारी वहिनीला वेदचं अंगाईगीत म्हणून दाखवायला गेले, एक ओळ आठवेना. वहिनी म्हणाली अशक्तपणा आहे, बीट खा.

१३ मार्च
दुसरी पिशवी. वेदचा आवाज आठवणीतून गेला. रक्तासोबतच गेला, माझी खात्री आहे. कुणाला सांगू? वेड्यात काढतील. ऑपरेशनच्या वेळी रक्त परत चढवतील, तेव्हा तोही परत येईल. या आशेवर आहे.

१७ मार्च
रक्तपेढीतून बोलावणं. संगमेश्वरकडची बाळंतीण, शमिका. रक्तस्राव थांबत नाही, गट माझाच. माझ्या पिशव्या दिल्या तरच वाचेल. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती नाही, तुमचं ऑपरेशन पुढे ढकलू. तिच्या सासूने, सखूबाईंनी, माझे पायच धरले. "बाय माझे, पोर बिनआयशीचा ऱ्हईल गो!"
मनातल्या मनात वेदची माफी मागितली. रडले. मग हो म्हटलं.

१८ मार्च
शमिका वाचली. बरं वाटलं.
उशाशी एक फोटो आहे. मुलगा गोड आहे. दादाला विचारलं, कोणाचा? तो उठून गेला. आत रडत होता. का?

२४ मार्च
शमिका आलीय. अंगात त्राण नाही, तरी आलीय. म्हणते, रक्त चढवल्यापासून आत कुणीतरी रडतंय. तिच्याकडे राहायचं नाही म्हणतंय. आई हवी म्हणतंय.
माझी बोटं तिने आपल्या मनगटावर धरली. प्रत्येक ठोक्याला — आई. आई.
फार दया आली. म्हटलं, बाळा, मला मूलच नाही रे.
ठोका थांबला.
शमिका हलत नाहीये. वहिनी फोन करायला धावली — हात गार —
माझे डोळे का वाहतायत, मी तर कुणाचीच —