पुदिन्याची तब्येत

समता कॉलनी, रायपूर
१८ एप्रिल २०२४

ती. आईंना देवश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि सासूशी ओरडून बोलायची मला लाज वाटते, म्हणून हे पत्र. अमरावतीला अंजनामावशींकडे जाताना तुम्ही गच्चीवरच्या कुंड्या माझ्या हवाली केल्यात. ओवा, गवती चहा ठीक आहेत. पुदिना मात्र मी घालवला बहुतेक. पानांच्या कडा करपल्यात. तांदळाचं पाणी घालत जा म्हणाला होतात, म्हणून ह्यांच्या बासीतलं, रात्रभर भिजलेल्या भाताचं उरलेलं पाणी मी रोज घालत होते. बाबांच्या हातचं शेवटचं रोप ते. जीव टांगणीला लागलाय.

आजी कधी येणार म्हणून श्रावणी रोज हिंदीत विचारते. मी मराठीत गप्प बसते.

आपली,
देवश्री

अमरावती
२७ एप्रिल

चि. सौ. देवश्रीस भरभरून आशीर्वाद.

अगं वेडाबाई, भार्गव बासीत मूठभर मीठ घालतो! त्यानेच करपला तो. मी सांगितलं होतं ते तांदूळ धुतलेलं पाणी, तेही साधं पाणी मिसळून, आठवड्यातून एकदा. आता कुंडीत साधं पाणी ओत, खालच्या भोकातून भरपूर वाहून जाऊ दे. असं दोनतीनदा कर, मग माती सुकू दे. करपलेल्या फांद्या बिनधास्त काप, पुदिना मुळापासून फुटतो. नवी पानं येईपर्यंत खत नको. आजारी माणसाला कोणी पंगतीत बसवतं का? नंतर मूठभर जुनं शेणखत पुरे. पानांवर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ बसते, ती सकाळी पाण्याने धुवत जा. ओव्यावर कीड दिसली तर कडुलिंबाचा पाला उकळून, गार करून शिंपड.

मी मजेत आहे. इथे काम काही नाही. तुमचंही माझ्यावाचून चाललंय, मग झालं. त्या पोट्टीला पापा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

रायपूर
३० मे

ती. आईंना सा. न. वि. वि.

पुदिना कधीच फुटला, त्याची चटणीही झाली. कळवायला मुद्दाम उशीर केला. तो बरा झाला म्हटल्यावर तुम्हाला परत यायला कारणच उरणार नाही, अशी भीती वाटली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले की लपवून काहून राहिली, आईले सरळ बोलाव ना.

तर सरळच लिहिते. बाबा गेल्यावर तुम्ही म्हणालात, आता या घरात माझं काय काम. मी गप्प राहिले, कारण बहिणीजवळ तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं. आई, कामासाठी नको, आमच्यासाठी या. संध्याकाळी गच्चीवर गवती चहा घातलेला चहा मला एकटीला गोड लागत नाही.

लोभ आहेच, तो आता घरी येऊन करावा.
तुमची देवश्री

अमरावती
९ जून

चि. देवश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र अंजनाला वाचून दाखवलं. ती रडली. मी नंतर, मोरीत जाऊन.

मी आल्यापासून ती मागे लागली आहे की चार कुंड्या लाव, तुझा वेळ जाईल. मातीसुद्धा आणून ठेवली तिने. मी एक फांदी लावली नाही. लावली असती तर त्या रोपाला टाकून माझा पाय निघाला नसता. तुमच्यापैकी कोणी बोलावतं का, याची वाट बघत होते गं.

१९ तारखेला, बुधवारी बडनेऱ्याहून गाडीत बसते. भार्गवला स्टेशनवर पाठव. आणि श्रावणीने विचारलं तर आता मराठीत उत्तर दे.

येतेच.
आई