जयवंती उत्तर देत नाही

पाचूबंदर, वसई

ती. कृष्णादादास,

सिद्धेशचा वाकून नमस्कार. कोचीत तू खुशाल असशील असं धरून चालतो. फोन उचलत नाहीस, तेव्हा दुसरा मार्ग नाही. हवापाणी मानवत असेल. मिशी किती वाढली ते कळव.

झाल्या प्रकारात माझा दोष किती, हे एकदा लेखी मांडावं म्हणतो. मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्यात मी जो सर्व्हर सांभाळतो (लिलावाची वजनं, बोटींच्या नोंदी, सगळं त्याच्या पोटात), त्याचं नाव मी जयवंती ठेवलं होतं. तुझ्या बाबांची बोट मोडीत निघाली. तिचं नाव निदान कुठेतरी चालू राहावं म्हणून. बोटीला ते आत्यावरून, म्हणजे तुझ्या आईवरून मिळालं होतं. म्हणजे एका नावाच्या तिघी, त्यातली एक लाकडाची, एक पत्र्याची. हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

यंत्र जिवंत आहे का हे बघायला पडद्यावर पिंग लिहून त्याचं नाव टाकायचं. धक्क्यावरून बोटीला हाक मारतात तसं. उत्तर आलं तर किती वेळात आलं तेही कळतं. त्या सकाळी चार हाका मारल्या, एकीलाही ओ आली नाही. मग दुसरी आज्ञा. यंत्र बेशुद्ध असलं तरी त्यातली एक लहान चिप जागी असते. विचारलं की ताप, पंखे, वीज, सगळं खरं सांगते. (माणसात ही सोय नाही.) तिने सांगितलं, पंखा बंद, ताप ब्याण्णव अंश सेल्सिअस. खाऱ्या हवेने पंखा गंजला होता. मी ऑफिसच्या ग्रुपवर कळवलं: ‘जयवंती सकाळपासून उत्तर देत नाही. चार हाका मारल्या. अंग भयंकर तापलंय. दुपारपर्यंत उठली नाही तर बाहेर काढू. नवी बघून ठेवलीय.’ आणि मोबाइल बाजूला ठेवून पंखा खोलायला बसलो. तो ग्रुप ऑफिसचा नव्हता. घरचा होता.

तासाभरात शेजारची लुईझामावशी मेणबत्त्या घेऊन तुमच्याकडे आली. दार आत्यानेच उघडलं. दोघी किंचाळल्या.

“कोन गेला?” आत्याने विचारलं.

“तूच गो,” मावशी म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. आत्याने तिला पाणी दिलं. मग बांबू घेऊन माणसं आली, त्यांना चहा दिला. बांबू परत नेणं बरं नव्हे, म्हणून तो ठेवून घेतला. सध्या त्यावर बोंबील वाळतात.

तू सात वर्षांनी आलास, दुपारच्या विमानाने. विधीला वेळ जाऊ नये म्हणून मिशी कोचीतच उतरवून. (तू पहिल्यापासून नेटका.) आत्या ओट्यावर मासळी साफ करत होती. बराच वेळ तुझ्याकडे बघून म्हणाली, “मिशी कुठं घालवली?” तू सांगितलंस. “काढलीस तं ऱ्हाव दे आता. लागंलच.” आम्ही सगळे हसलो. तू हसला नाहीस. जेवलाही नाहीस, तसाच परत गेलास.

सर्व्हरचं नाव मी बदललं आहे. आता त्याला नुसता आकडा आहे.

तुझा,
सिद्धेश

ता. क. – आत्या पंधरा दिवस अंथरुणाला खिळून आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. हाक मारली की ओ देते, पण उशिरा. रोज जरा जास्त उशिरा. हे मी घरच्या ग्रुपवर कळवलं होतं. कुणी आलं नाही. माझ्या सख्ख्या भावाने, संकेतने, लिहिलं, ‘पंखा बघ.’ तूही वाचलं असशील आणि यंत्रच समजला असशील. म्हणून हा कागद.

ता. क. २ – मिळेल त्या गाडीने ये, पण मिशी ठेवून. बिनमिशीचा दिसलास तर तिला वाटेल, आपण गेलोच.