उशीवरचा लॅपटॉप

२ ऑगस्ट
मेलं हे यंत्र आज पुन्हा बंद पडलं! धाकटी बहीण समोर दिसतेय, तोंड उघडतेय — आणि पडदा काळा. नातीला नवा लॅपटॉप आला म्हणून हा जुना माझ्या गळ्यात. पण फोनवर बहिणीचं तोंड शेंगदाण्याएवढं दिसतं, यात निदान बशीएवढं दिसतं, म्हणून सहन करते. खालून असा तापतो, वाटतं मांडीवर इस्त्रीच ठेवलीय.

३ ऑगस्ट
नात कॉलेजातून आली. लॅपटॉप उलटा करून बघितला, मग माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं.
"आजी, हा तू उशीवर ठेवतेस?"
"मग काय डोक्यावर ठेवू?"
खालच्या बाजूला बारीक भोकं आहेत म्हणे, तिथून तो श्वास घेतो. उशीत ती बुजतात. आतला पंखा बिचारा फिरतोय, पण गरम हवेला वाट नाही. मग जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो.
"टेबलावर ठेवत जा."
बरं बाई. ठेवते.

५ ऑगस्ट
टेबलावर ठेवला. तापला, पण बंद पडला नाही. तिथेच घात झाला!
चहा संपेपर्यंत आम्ही बहिणी साखरेसारख्या. गुडघे, औषधं, शेजारणी. चहा संपला की हिच्यातली मास्तरीण जागी होते. जन्मभर शाळेत पोरांना दटावलं, आता मला. नवरा गेला, मूलबाळ नाही, न्हाणीघरात पडून पाय मोडून घेतला. डॉक्टर सांगतो एकटीने राहू नका. मी म्हटलं, इकडे ये. तर म्हणते, "तुला नाही कळायचं ते, ताई."
मला नाही कळायचं! हिला सांभाळायला माणूस नव्हतं म्हणून मला चौथीतून काढलं. हिला झोके देता देता मी पाढे विसरले. मग मीही तोंड सोडलं.
आता अबोला.

९ ऑगस्ट
अबोला मोडला. कुणी मोडला ते लिहीत नाही.
आज लॅपटॉप उशीवर ठेवला. मुद्दाम! तीही कापसाची, चांगली फुगीर. चहा संपला, तिने "तुला नाही—" म्हणायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ. वा! भांडण नाही, रुसवा नाही. दोष यंत्राचा.

१० ऑगस्ट
उशी. छान गप्पा झाल्या.

१३ ऑगस्ट
सुनेने पकडलं. कपडे वाळत घालताना खिडकीतून बघत होती.
"आई, तुम्ही हे मुद्दाम करताय ना?"
"तुझ्या आईशी बोलताना तुला मिळाली असती अशी उशी, तर?"
थोडा विचार केला तिने. "मला दोन लागतील."
सून चांगली आहे. तिच्या तोंडावर म्हणणार नाही.

१६ ऑगस्ट
मुलगा जेवताना म्हणाला, "मावशीला गाडी करून घेऊनच येऊ."
म्हटलं, "ती काय कपाट आहे? चौघांनी धरून चढवायला?"
ती यायची नाही. तिचं घर, तिची पुस्तकं, संध्याकाळी शिकवणीला येणारी पोरं. "मी कुणाच्या दारात जाऊन पडणार नाही" — हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणाच्या म्हणजे काय? मी कुणी आहे का? पण तेवढं विचारायच्या आत उशी आपलं काम करते.

२० ऑगस्ट
सत्यानाश. माझा डोळा लागला होता तेवढ्यात नातीने लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला! त्याने उघडला तर पंख्याला कापूस नि केरकचरा गुंडाळलेला. "आत गादीच घातली होती की" म्हणाला म्हणे. सगळं साफ केलं, आत कसलासा लेप लावला, शिवाय खाली चार रबरी पाय चिकटवून दिले, म्हणजे कुठेही ठेवा, भोकं मोकळी.
"आता दिवसभर बोल, आजी!"
दिवसभर! पोरीने हौसेने केलं, हसावं लागलं. सून स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून खिदळत होती.

२२ ऑगस्ट
चहा संपला. लॅपटॉपला हात लावून बघितला. थंडगार. परत लावला. मेल्यासारखा थंड.
आणि आलंच — "तुला नाही कळायचं."
मग जुंपली. सगळं निघालं. माझी शाळा, तिचे झोके, आई कुणावर जास्त माया करायची ते. ती ओरडली, "मी सांगितलं होतं तुला शाळा सोड म्हणून? मी पाळण्यात होते!"
होती खरी. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने दाबलं, मास्तरीण ना.
दोघींना दम लागला होता. म्हटलं, "ठेवते आता."
"नको ठेवूस. भांड हवं तर. या घरात दिवसभर घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही."
मग ती पाणी प्यायला उठली. आजवर आमचं बोलणं एवढं लांबलंच नव्हतं की ती खुर्चीतून उठेल. मी आपली बशीएवढं तोंड बघायची आणि समजायची, बरी आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेला. मग भिंत धरायला तिसरा हात कुठून आणणार? काठी काखेत, खांदा भिंतीला, असं घासत नळापर्यंत. परत आली तेव्हा पेल्यात अर्धंच पाणी.
"अर्धंच?"
"तेवढीच तहान होती."
खोटारडी! बाही भिजली होती.

२३ ऑगस्ट
झोप वगैरे उडाली नाही. पडल्या पडल्या घोरले असणार. पण सकाळपासून दोन पातेली करपवली.
मुलाला म्हटलं, तिकिटाचं बघ. तो म्हणाला, "मावशी तयार झाली यायला?"
मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

२५ ऑगस्ट
ती येणार नाही, म्हणून मी चालले. फक्त जायचंच तिकीट. तिला कळवलेलं नाही, कळवलं तर नाही म्हणायला सवड मिळेल. मुलगा पिशव्या बांधतोय आणि नाक पुसतोय, म्हणतो सर्दी झालीय.
लॅपटॉप इथेच ठेवतेय. तिकडून मी कॉल लावीन तेव्हा सुनेने उचलायचा. मुलाने हात लावायचा नाही — तो पहिलंच विचारील, परत कधी येतेस.