मितालीची मंगळाष्टकं आणि माझा नवा कान

तीर्थरूप दादास,

पनवेलहून कुमुदचा नमस्कार. तुझे गुडघे आणि मनिषावहिनींचं पित्त यांची चौकशी आधीच उरकून घेते, कारण पुढे मी भांडणार आहे.

"मितालीच्या लग्नात आत्याने फक्त पहिल्या रांगेत बसावं," हा तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पोचला. वा रे वा! चार वर्षांपूर्वी कान गेले, त्याआधी आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नाची मंगळाष्टकं मी म्हटली (ज्यांचे पुढे काडीमोड झाले, त्यांचीसुद्धा). आता डोक्यात इम्प्लांट बसवून पुन्हा ऐकू लागले, तर म्हणे बस!

साखरपुड्यात तू पाहुण्यांत अडकला होतास, म्हणून माझी बाजू ऐक. आत्याला नीट ऐकू यावं म्हणून पोरांनी माझी मानाची खुर्ची थेट डीजेच्या स्पीकरसमोर मांडली. अरे, गोंगाटात हे यंत्र माणसाचं बोलणं, ताटवाट्या आणि ढोलकी सगळं एकत्र कालवून देतं! शांत खोलीत एकेकाने समोर बसून बोललं की मला कळतं. (माझं यंत्र जुळवून देणारी ऑडिओलॉजिस्ट प्राची हे घरच्यांना दोनदा समजावून गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या.) पण आपल्याकडे एकेकाने बोलायची रीत आहे कुठे? सगळ्या बायका एकदम कानाशी ओरडल्या, "ऐकू येतंय का?" एकीने तर मागून टाळी वाजवून पाहिली. मी काय नारळ आहे, वाजवून बघायला?

मग मला गायला उभं केलं. ठेका मला लख्ख कळतो, पण सूर अजून सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. मी माझ्या पट्टीत सुरू केलं, आणि तो कीबोर्डवाला उदयसिंह पट्टी शोधत माझ्यामागे धावत सुटला. दम त्याला लागला आणि हसं माझं झालं! पुढे ओवाळायला वाकले, तर यंत्राची डोक्यावर चिकटणारी लोहचुंबकाची चकती निसटली आणि खुर्चीच्या लोखंडी पायाला जाऊन चिकटली. एकदम शांत! (बासुंदी संपेपर्यंत मी ती मुद्दाम उचलली नाही. अख्ख्या समारंभात सुख म्हणून तेवढंच मिळालं.)

लोक हसले त्याचं मला काही नाही. मिताली पाळण्यात होती तेव्हापासून तिला सांगत आलेय, तुझी मंगळाष्टकं मीच म्हणणार. तो माझा शब्द तू मला न विचारता मोडलास, याचं फार वाईट वाटलं.

वहिनींना नमस्कार, मितालीला आशीर्वाद. तुला सध्या काही नाही.

तुझी संतापलेली,
कुमुद

ता. क. : "मी म्हणेन तुझ्याऐवजी," म्हणून तू आवाज भरून पाठवलेलं मंगळाष्टक पंखा बंद करून ऐकलं. बाकी सगळ्यांची गाणी मला या यंत्रातून मिक्सरसारखी ऐकू येतात. तुझं मात्र अगदी पूर्वीसारखंच वाटलं. विचार कर. शेवटी "कुमे, बरी आहेस ना?" म्हणालास, ते पहिल्या झटक्यात कळलं. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला रे. रडले.

ता. ता. क. : एकच कडवं दे, शेवटचं. सूर हुकेल, पण 'सावधान' ठेक्यावरच पडेल. एकही अक्षत आधी उडणार नाही. नाहीच म्हणायचं असेल, तर लग्नाच्या दिवशी डीजे चालू असताना सांग. मी हसून मान डोलावीन आणि माईक घेईन.