आधीचं पाणी

प्रिय मार्लिस,

फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि मी लगेच विषय बदलते, म्हणून आज लिहायलाच बसलेय. रसेलचा खोकला गेला, कुरकुर तेवढी राहिलीय. काल हा माझा नवरा मला म्हणतो, "व्हर्ना, या अख्ख्या गावात आता एकटा मीच शुद्ध उरलोय." म्हटलं, आधी आंघोळ कर, मग बोल.

आमच्या कुंपणामागं रुळांवरून घसरलेले मालगाडीचे ते टँकर कापून नेले, पण त्यांतलं रसायन प्यायलेली माती अजून तिथंच आहे. डोंगराएवढा ढीग, वर काळं प्लास्टिक. वारा सुटला की ते फडफडतं आणि स्वयंपाकघरात नेलपॉलिशसारखा वास येतो. आमच्या बोअरच्या पाण्यावर तवंग दिसला, तर रेल्वे कंपनीचा माणूस रसेललाच विचारतो, "तुमचं पाणी आधीपासून असंच नव्हतं कशावरून? पुरावा आहे?" रसेल म्हणाला, "इतकी वर्षं पिऊन जिवंत आहे, हाच पुरावा." त्या माणसानं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

त्या दिवसांत सगळ्या नातेवाइकांनी फोनवरून आमच्यासाठी प्रार्थना केली. तू मात्र निळे कॅन पिकअपमध्ये टाकून इंडियानाहून थेट ओहायोला आलीस. वर नूडल्सचा हा मोठा ट्रे. "लोखंडाची चव लागेल ताई, पण माझ्या बोअरचं पाणी पिऊन अजून कुणी मेलं नाही," म्हणालीस. मग दर रविवारी येत राहिलीस. आता लोखंडाशिवाय कॉफी आम्हाला मिळमिळीत लागते, बघ.

एप्रिलमध्ये शाळेच्या जिममध्ये सभा झाली. माझं तोंड तुला माहीत आहे. उठले आणि ओरडले, "आम्हाला तुमची माफी नको, सर्व्हे नको. ही घाण उचला! कुठंही न्या, पण इथून न्या!" लोक उभे राहिले गं. पाद्रीबाईंनी मिठी मारली. डायनरमधली ग्लेंडा, जी केचपचं जास्तीचं पाकीट देताना रडते, तिनं मला ॲपल पाय फुकट खाऊ घातला. खोटं कशाला सांगू, मी चांगलीच फुगले होते.

पुढच्या सभेत कंपनीच्या माणसानं वाचून दाखवलं : माती इंडियानात जाणार, हार्लोजवळच्या विषारी कचरा पुरायच्या खड्ड्यात. तुझं हार्लो. तोच खड्डा, ज्याचं कुंपण तुझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की दिसतं. जिममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मार्लिस, मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले असं म्हणणार नाही. नाव मी ऐकलं होतं. तू डोळ्यांसमोर आलीस, तुझं स्वयंपाकघर आलं, उंच खुर्चीत बसलेला तुझा नातू टेडी आला, आणि तरीही मी वाजवल्या. सुटलो एकदाचे, एवढंच मनात होतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! रसेलनं वाजवल्या नाहीत. गाडीत एवढंच म्हणाला, "मार्लिसला तू सांगशील ना?" मी हो म्हटलं.

मग तुझाच फोन आला. "ताई, इथं लोक म्हणतायत तुमच्याकडची माती आमच्याकडे येणार. खरं का गं?" आणि मी म्हणाले, "लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला." लगेच टेडीच्या दातांची चौकशी केली. तू म्हणालीस, "तू म्हणतेस तर नसेल." लाज वाटते मला, फार लाज वाटते.

लोक म्हणत होते ते खरं आहे. तुमच्या गावची सुनावणी गुरुवारी आहे आणि मी येतेय. जे तोंड इथं उघडलं, तेच तिथं उघडणार आहे. सांगणार आहे, 'कुठंही न्या' म्हणणारी बाई मीच, आणि या खड्ड्याच्या कुंपणापलीकडं माझी बहीण राहते. माती मग कुठं जावी, ते मला कळत नाही. कदाचित माझ्याच कुंपणामागं राहील आणि ग्लेंडा मला साधी कॉफीही देणार नाही. रसेलनं गाडीची टाकी भरून ठेवलीय. म्हणतो, जा, एकदमच दोन गावांतून हाकलून घे. पण माझं कोण ऐकणार? ट्रक बहुतेक येतीलच. म्हणून तुझे निळे कॅन धुऊन आणतेय. त्यातला एक धुतलेला नाही, तो भरलेला आहे, तू शेवटच्या रविवारी आणलेला. झाकण अजून उघडलेलं नाही. कुणाला पिऊ देऊ नकोस. आधी तपासून घे, तसा लेखी कागद घे, उरलेलं जपून ठेव. उद्या कुणी दारात येऊन विचारलं, तुमचं पाणी आधीपासून असंच नव्हतं कशावरून, तर ते त्याच्यासमोर ठेव. आमच्याकडे आधीचं पाणी नव्हतं गं. दार उघडलं नाहीस, तर कॅन पायरीवर ठेवून जाईन.

तुझीच,
व्हर्ना