म्हातारीचा अर्धा आवाज

प्रिय शिट्टी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. माझ्या हातचं लिखाण तुझ्या वाट्याला आलं ते फक्त शाळेच्या रजेच्या चिठ्ठीपुरतं. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी आई गॅलरीत कुंड्यांना दटावत असेल, आणि मी वर्कशॉपच्या केबिनमध्ये दार लावून बसलोय. बाहेर सांगून ठेवलंय की साहेब मोठं कोटेशन लिहितायत, आत यायचं नाही. तुझा फोन हल्ली आईच्याच नंबरवर येतो आणि त्यात माझी साधी चौकशीही नसते, हे मला कळतं. का नसते, तेही ठाऊक आहे. त्यावर येणार आहे. पण सरळ रस्त्याने मुद्द्यावर येणं मला कधी जमलेलं नाही. तेव्हा आधी गाडीचं सांगतो, कारण त्यात तुझा सल्ला मला खरोखरच हवाय.

म्हातारी द्यायची आणि तिच्या बदल्यात नवी घ्यायची, असं घरात चाललंय. नवी म्हणजे अगदी कोरी नाही, पण म्हातारीच्या नातीच्या वयाची. तिच्यासारखीच दोन माणसांची, बुटकी, छत मागे दुमडणारी, फक्त राखाडी. शोरूमवाला म्हातारी ठेवून घ्यायला एका पायावर तयार आहे, असल्या जुन्या लाल गाड्यांचे वेडे त्याच्या ओळखीत आहेत म्हणे. शनिवारी त्याला हो की नाही ते कळवायचंय. तुझी आई नव्या गाडीच्या बाजूने आहे. मी परवा जेवताना म्हटलं, एवढ्या वर्षांची गाडी अशी काढून टाकायची? तर वाढता वाढता म्हणाली, "घरात दोन म्हाताऱ्या आहेत. दुसरीला शोरूमवाला घेणार नाही, विचारून बघा हवं तर."

तुला आठवत असेल ती आली तेव्हा कशी होती. पुढचा भाग चेपलेला, दार दोरीने बांधलेलं, सीटवर उंदरांचा संसार. मालकाला नको होती, भंगारवाल्यालाही उचलायचा कंटाळा आला होता. मी रॉकेलच्या ट्रेमध्ये दुसऱ्याच्या गाड्यांचे भाग धुता धुता मोठा झालेला माणूस. असल्या गाडीला पूर्वी मी फक्त फडकं मारलं होतं, आत बसायची सोय नव्हती. म्हणून ती ठेवून घेतली. रविवारी वर्कशॉप बंद असलं की आपण दोघं यायचो. मी गाडीखाली आणि तू उजेडाची बॅटरी धरून. बॅटरी धरणं हे किती अवघड काम आहे ते न धरणाऱ्याला कळत नाही. मेकॅनिकचा हात पुढे कुठे जाणार ते आधी ओळखावं लागतं. तू ओळखायचीस. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, म्हणजे इंजिन डोक्यात बोलायला लागतं, हेही तिथेच शिकलीस. पहिल्या दिवशी मूठ दाबून तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "बाबा, आत कुणीतरी भाजी चिरतंय." इंजिनाच्या माथ्यावर टकटकणाऱ्या टॅपेटच्या आवाजाचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही.

शिट्टी हे नावही वर्कशॉपनेच ठेवलं. लेथ फिरतोय, पत्र्यावर हातोडे पडतायत, आणि दारातून तू "बाबा, जेवायला" म्हणायचीस. आवाज केवढासा, पण त्या सगळ्या गदारोळाच्या वरून निघून बरोबर माझ्यापर्यंत यायचा. मिस्त्री म्हणायचा, साहेब, पोरीला हॉर्नच्या जागी बसवू.

आणि माझे कान तर तुला माहीतच आहेत. मी नट-बोल्टांवर पाने फिरवून पुढे आलो नाही, तेवढं सगळ्यांनाच येतं. मी कानांवर पुढे आलो. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत मी सांगायचो काय दुखतंय. लोक नुसतं ऐकवायला गाडी घेऊन यायचे. वर्कशॉपमध्ये एक रीतच पडून गेली होती. काम झालेली गाडी शेवटी माझ्यासमोर चालू करायची, मी कान द्यायचा, आणि मी "काही नाही" म्हटलं की काही नाही. मग ब्रह्मदेव आला तरी बॉनेट उघडायचं नाही. मला ही रीत फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

तर मागच्या महिन्यात काय झालं ते ऐक. आईला घेऊन म्हातारीतून निघालो होतो. उताराच्या वळणावर डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा लागला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग दगड झालं. दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली. पलीकडे कठडा होता आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं. तुझी आई ओरडली नाही. नुसती माझा शर्ट धरून बसली होती, आणि तो तिने गाडी थांबल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "ही पंधरा दिवस किंचाळतेय. मी रोज सांगत होते. तुम्ही म्हणत होतात, तुझ्या कानात काहीतरी आहे."

बॉनेट उघडलं. अल्टरनेटरचं बेअरिंग जाम होऊन, स्टिअरिंगलाही जोर देणारा पट्टा तुटला होता. असं बेअरिंग जाण्याआधी बारीक सुरात रडतं, शिकाऊ माणसालाही कळतं. मी वर्कशॉपमध्ये येऊन मिस्त्रीला फैलावर घेतलं. आठवड्यापूर्वीच तर गाडी त्याच्या हाताखालून गेली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मला येत होता आवाज. पण तुम्ही कान दिलात आणि काही नाही म्हणालात. मग मीच डॉक्टरकडे जाऊन कान साफ करून आलो." शिट्टी, तो खरंच जाऊन आला होता. आणि कान साफ करून आल्यावरही आवाज येतच होता, तेव्हा त्याने ठरवलं की आता आपलं वय झालं. बाकीच्या पोरांनाही येत होता. कुणीच बोललं नाही. साहेबांना आला नाही म्हणजे नसणारच. मी बसवलेली रीत इतकी पक्की बसली होती. मी हसलो, सगळे हसले, चहा मागवला.

मग मीही गेलो कानाच्या डॉक्टरांकडे, कुणाला न सांगता. बाई होत्या. त्या खालच्या पट्टीत, सावकाश, माझ्याकडे तोंड करून बोलल्या आणि मला त्यांचं सगळं कळलं, तेव्हा वाटलं, उगाच आलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी मन लावून वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडून बाई म्हणाल्या, झालं. मला वाटलं होतं अजून सुरूच व्हायचंय. त्यांनी चिमट्यासारखा एक काटा वाजवून तो कानामागच्या हाडावर टेकवला, अगदी आपल्या स्क्रू ड्रायव्हरसारखा. मी म्हटलं, हे मी पोटासाठी करतो. त्या हसल्या आणि मग समजावून सांगितलं. जन्मभर लेथ आणि हातोड्यांच्या मधे उभं राहिल्याने आतली नस झिजली आहे. ती परत भरत नाही. आधी वरचे, बारीक आवाज जातात. जाड आवाज राहतात, म्हणून पुरुष समोर बोलले की माणसाला वाटतं आपल्याला नीट येतंय. बायकांचे, मुलांचे आवाज आधी निसटतात, आणि फोनवर तर फारच.

तिथून घरी गेलो नाही. वर्कशॉपमध्ये आलो, सगळे जेवायला गेले होते. नवा पट्टा घातलेली म्हातारी उभी होती. ती चालू केली आणि लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन मूठ हाडावर दाबली. खालचे आवाज आले, क्रँकचे, जड, नेहमीसारखे. वर टोक नेलं. टॅपेटचं काहीच नाही. सुरी, पाट, भाजी, काहीच नाही. टोक सरकवत राहिलो, मूठ इतकी दाबली की हाड दुखायला लागलं. गाडी पूर्ण चालू होती आणि मला अर्धीच येत होती.

हे घरी सांगावंच लागलं, आणि तेव्हापासून आईने नव्या गाडीचं मनावर घेतलंय. तिचं म्हणणं चूक नाही. नवीत काही बिघडायच्या आधी पडद्यावर लिहून येतं, कानांची गरजच नाही. म्हणून गेलो चालवायला. शोरूमचा टायवाला पोरगा शेजारी बसला. मी पाय दिला तसा तो म्हणाला, "सर, आवाज ऐका नुसता." आवाज भरदार होता, मला आलाही. पण माझा हात गिअरवर होता आणि हात सांगत होता, इंजिन तर अजून आळोखेपिळोखे देतंय, ही गर्जना करतंय कोण? विचारलं, तर पोरगा आधी लाजला आणि मग अभिमानाने सांगायला लागला की आवाज आतल्या स्पीकरमधून येतो, तीन प्रकारचा आहे, हवा तो निवडा. मला रागही आला नाही. गाडी चांगली आहे, शिट्टी. वळणावर स्वतः सावरते, ब्रेक नुसता मनात आणला तरी लागतो. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. मग जागेवर लावायला मागे घेत होतो, तर पोरगा दाराबाहेर हात काढून पत्रा बडवायला लागला. मागे खांब होता, बोटभर राहिला होता. म्हणाला, "सर, एवढी टीं टीं करतेय गाडी, तुमचं लक्ष कुठाय?" मी म्हटलं, नव्या गाडीची भूल पडली. त्याला ते पटलं.

म्हणजे बघ. तीही बोलते ती नेमकी त्याच सुरात, जो माझा गेलाय. गाडी बदलून हे सुटायचं नाही, हे त्या खांबापाशी मला कळलं. सुटलं असतं तर म्हातारीला मी नारळ दिला असता, एवढा काही मी हळवा नाही.

आता ज्यासाठी दार लावून बसलोय ते. गेली दोन वर्षं फोनवर तुझा आवाज मला तुटक येतो. वारं लागल्यासारखा. म्हणून मी "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकायचो. तुला वाटायचं, तू वर्कशॉप हातात घेतलं नाहीस याचा राग अजून माझ्या मनात आहे. मी तसं वाटू दिलं. रागावलेला बाप शोभतो, बहिरा शोभत नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. मग त्या संध्याकाळी तू थेट माझ्याच नंबरवर फोन केलास. बराच वेळ बोललीस. मला फक्त चढ-उतार येत होते, शब्द नाही. वाटलं, पोरगी खुशीत आहे, काहीतरी चांगलं सांगतेय. मी म्हटलं, "छान झालं. असंच पाहिजे." आणि हसलोही. तू तिथेच फोन ठेवलास. तू घर सोडून एकटी खोली घेऊन राहतेयस, तुमचं नवरा-बायकोचं आता एकत्र निभणार नाही, हे तू मला सांगितलं होतंस, असं काही दिवसांनी आईने सांगितलं. आईच्याही आधी मला सांगितलं होतंस. "तिला असं कसं बोलवलं तुम्हाला," एवढंच ती म्हणाली. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. डॉक्टरांकडून आल्यावर सांगितलं, आणि शिट्टीला मीच कळवीन म्हणून तिला गप्प बसवलं. तिने लपवलं याचा राग माझ्यावर ठेव. कानाचं मशीन कालपासून घालतोय. पेन कागदावर एवढं खरखरतं हे मी विसरलो होतो. फोनवर मात्र अजून धड येत नाही, त्याला वेळ लागेल म्हणतात. म्हणून फोन करू नकोस, ये. शनिवारच्या आत ये. म्हातारी चालू करून ठेवतो, स्क्रू ड्रायव्हर जागेवरच आहे, वरचा अर्धा आवाज तू ऐक आणि सांग, ती ठेवण्याजोगी आहे की नाही. तू म्हणशील ते शोरूमवाल्याला कळवीन. पण ते नंतर. आधी उजेडाच्या बाजूला माझ्यासमोर बस, तुझे ओठ मला दिसतील अशी, आणि त्या संध्याकाळी जे सांगितलंस ते पहिल्यापासून पुन्हा सांग. आईकडून मला सगळं कळलंय. मला ते तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझाच,
बाबा